डाव्या बाजूचं दार

"दार गेलं," चौगले म्हणाले.

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले होते. एका हातात तारेची घासणी, दुसऱ्या हातात त्यांचं विमान आणि समोर वाटीत विटेची भुकटी. विमानाची डावी बाजू नुकतीच घासून झाली होती. अशी घासली होती की सोललेल्या अंड्यासारखी दिसत होती. मला वाटलं, माणूस खूश होईल.

"कसलं दार?" मी म्हटलं. "तुमच्या खोलीचं दार हाय की जाग्यावर. म्याच कुलूप काढून आत गेलते."

त्यांनी हातातली झेंडूची पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून विमान घेतलं, डोळे मिटले आणि त्या बाजूवरून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवलं. नाकापासून शेपटापर्यंत. मग शेपटापासून नाकापर्यंत. मग जिन्याच्या पायरीवर बसले. अकरा वर्षं हा माणूस माझ्या माडीवर भाड्यानं राहतो. पायरीवर धूळ असते म्हणून ते कधी पायरीवर टेकत नाहीत. त्या दिवशी टेकले.

खंडेनवमी होती. सकाळचे अकरा वाजले होते.

आमच्या कसबा बावड्यात खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल ते धुऊन पुसून पूजतात. आमचं खुरपं, विळा, कोयता, शिवणयंत्र आणि मुलाची मोटारसायकल. चौगल्यांचं हत्यार म्हणजे एक पत्र्याची पेटी. ती ते दरवर्षी स्वतः खाली आणतात. यंदा ते झेंडू आणायला गेले ते लवकर आलेच नाहीत, म्हणून मी माझ्याकडची किल्ली घेऊन वर गेले. पेटी उचलली. शेजारी टेबलावर विमान होतं. हातभर लांब, प्लॅस्टिकचं, दोन पंख्यांचं. सगळ्या अंगावर काळ्या रेघा आणि काळे ठिपके, जशी शाई सांडून फडक्यानं अर्धवट पुसली असावी. आठ दिवस माणूस त्याच्यापुढं बसला होता आणि साधं धुतलेलं नव्हतं. देवापुढं असलं घाण कसं ठेवायचं? घेतलं घासायला.

माझ्या घासण्याची गल्लीत ख्याती आहे. लग्नात सासूबाईंनी मला पितळेचा हंडा दिला होता. त्यावर त्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव आणि गाव कोरलेलं होतं. पाच वर्षांत नावं गेली. दहा वर्षांत गाव गेलं. सासूबाई म्हणायच्या की मी मुद्दाम केलं. मुद्दाम केलं नव्हतं, पण थांबलेही नव्हते.

आता हा माणूस कोण ते सांगते.

आनंदराव चौगले हवाई दलात पत्र्याचं काम करायचे. विमानाचा पत्रा फाटला, चेपला की तो कापायचा, नवा बसवायचा आणि रिबिटा मारायच्या. रिबीट म्हणजे बिनआट्याचा खिळा, दोन पत्रे एकत्र धरून ठेवणारा. गल्लीत त्यांना रिबीटआप्पा म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना माहीत आहे.

खोली बघायला आले तेव्हाची गोष्ट. बाकीचे भाडेकरू पाणी किती वेळ येतं ते विचारतात. यांनी डोळे मिटले आणि दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग खिडकीवरून. मग भिंतीवरून.

"वरच्या कोपऱ्यात चौकट दोन सूत सरकल्याली हाय," म्हणाले.

"तुमाला खोली पायजे का चौकट?"

"डोळ्याला दिसत न्हाय ती. डोळा फसतोय, आक्का. बोट फसत न्हाय."

ही त्यांची म्हण. अकरा वर्षांत मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता ते डोळे मिटायला लागले की मीच म्हणते, "व्हय, बोट फसत न्हाय, चालू द्या." खोली घेतली. दुसऱ्या दिवशी चौकट सरळ केली. मी सांगितलं नव्हतं.

या माणसाचं बोट कुठं जाईल याचा नेम नाही. मी भाकरी वाढली की आधी तिच्या काठावरून बोट फिरतं. "एका अंगाला जाड हाय." मी म्हणते, "मग जाड अंग पयलं खावा." चहाचा कप घेतला की कानापेक्षा काठ आधी. लग्नात वधूवरांवर अक्षता टाकायच्या सोडून हे मांडवाच्या खांबाचा सांधा चाचपत उभे. 

पलीकडच्या सुभाषनं जुनी चारचाकी घेतली. एका डॉक्टरांची गाडी, कधी खरचटलेलीसुद्धा नाही, असं तो सगळ्यांना पेढा देताना सांगत होता. गाडीला हार घातला, नारळ फोडला, त्याची बायको चाकांखाली लिंबू ठेवत होती. चौगले पेढा खाऊन पुढं गेले, डोळे मिटले आणि मागच्या दाराच्या फटीतून नख ओढलं.

"हे दार ह्या गाडीचं न्हवं."

सुभाष म्हणाला, "काय बोलतायसा आप्पा?"

"दुसऱ्या गाडीचं हाय. गाडी ठोकल्याली हाय."

दोन महिने सुभाष त्यांच्याशी बोलला नाही. मग गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं. आता गल्लीत कुणी जुनी गाडी घ्यायची झाली तर सुभाषच त्यांना मागं बसवून घेऊन जातो. विकणारा म्हणतो, पावणं, डोळं उघडा की. हे उघडत नाहीत.

नोकरी संपल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर भाऊबंदांशी कोर्टात जातात. चौगल्यांनी विमानांचे डबे मागवायला सुरुवात केली. डब्यावर रंगीत चित्र. आत मात्र राखाडी तुकडे, करडाच्या हाडांसारखे. ते जोडायचे, चिकटवायचे. इथपर्यंत मला समजलं. पुढचं समजायला वेळ लागला. दोन अर्धी चिकटवली की मध्ये सांध्याची उंच कड राहते. ती काचकागदानं घासायची. ती घासताना आजूबाजूच्या बारीक रेघा, पत्र्यांचे सांधे, रिबिटांचे ठिपके, सगळं पुसलं जातं. मग ते सगळं सुईनं पुन्हा कोरायचं. एका पंखाला आठवडा.

"आधी पुसायचं आनि मग तेच काढायचं," मी म्हटलं. "असलं काम सरकारी रस्त्यावर चालतंय. घरात न्हाय."

"सांधा ठेवला तर ते खेळणं हुतंय, आक्का."

"आता काय हाय?"

त्यांनी विमान उजेडाकडं धरलं आणि सुई पुन्हा टेकवली.

रिबिटांच्या खुणा करायला त्यांना इंजेक्शनच्या सुया लागतात. टोक कानशीनं सपाट करून फिरवलं की प्लॅस्टिकवर बारीक गोल उठतो. राजारामपुरीतल्या औषधांच्या दुकानातून महिन्याला डबी आणतात. दुकानदाराला वाटतं, यांना साखर आहे. यांनी कधी खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा तर विमान सांगावं लागेल. एकदा हे जिलबी खात असताना तो दुकानदार तिथं आला आणि त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. "काका, ह्या वयात असं करून चालंल व्हय?" म्हणाला. चौगले त्याला धन्यवाद म्हणून घरी आले. मला वाटतं, तेव्हापासून ते जिलबी दुसऱ्या पेठेत खातात.

माडीवर फळीवर सोळा विमानं आहेत. एकालाही रंग नाही. सोललेल्या कोंबड्यांसारखी राखाडी, एका रांगेत.

"डब्यावर येवढं रंगीत चित्र हाय. तुमी रंग का देत न्हाईसा?"

"रंगानं रेघ बुजती."

लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "सुट्टी मिळाली न्हाय." जत्रेत पाळण्यात बसा म्हटलं तर म्हणतात, "म्या जमिनीवरचा माणूस. इमानाला रिबीट मारायची आनि लांबनं हात करायचा. आत बसायचं काम आपलं न्हवं." कुणीही कसंही विचारलं तरी उत्तर तेच. जमिनीवरचा माणूस. माझ्या सुनेनं एकदा विचारलं, आप्पा, इतकी वर्षं तिथं होता, एकदाही विमानात बसला नाहीत? तर उठून पाणी प्यायला गेले आणि परत आले ते दुसराच विषय काढून.

त्या सोळांतलं नव्हे असं एक सतरावं होतं. हे दोन पंख्यांचं. ते घरात नसायचंच. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चौगले ते कुठूनतरी घेऊन यायचे, आठ-नऊ दिवस त्याच्यापुढं बसायचे आणि दसऱ्याला घेऊन जायचे. मी म्हणायची, "आलं व्हय माहेरपणाला?" ते हसायचे. मी कधी पुढं विचारलं नाही. लोक न विचारता इतकं सांगतात की विचारायची सवय राहत नाही.

त्या दिवशी मात्र विचारावं लागलं. ते पायरीवर होते आणि मी घासणी हातात धरून उभी होते.

"कसलं दार गेलं ते तरी सांगा."

"इमानाचं," ते म्हणाले. "डाव्या अंगाला, पंखाच्या मागं. बारीक चौकोन हुता. नखायेवढा."

"मग?"

"कबनूरला दस्तगीर मुल्ला म्हणून माझा जोडीदार हाय. नोकरीतला. त्येला दिसत न्हाय. हे इमान त्येचं हाय. तो ते मांडीवर घेऊन बोट फिरवत बसतोय. रोज. वरसभरात रेघा झिजत्यात. मग नवरात्रात म्या आणतो, परत काढतो आनि दसऱ्याला सोन्याबरूबर देतो."

आता मला त्या काळ्या शाईचा अर्थ कळला. रेघ नीट पडली का ते बघायला चौगले रेघेत काळं भरत होते. मी घाण म्हणून काढलं ते काम होतं.

"एक चौकोन ऱ्हायला तर काय बिगडतंय?" मी म्हटलं.

"दार घावलं की दस्तगीर गप बसतोय. न्हाय घावलं तर जेवत न्हाय. श्रावणात रेघ झिजून गेलती. दोन दिस भाकरीला शिवला न्हाय. सून फोनवर रडाय लागली. म्या जाऊन खिळ्यानं कशीतरी काढून आलो. आता त्येचं डोस्कंबी चालत न्हाय नीट. परवापास्नं इचारतोय, इमान आलं का. कालपास्नं नुसत्या चहावर हाय."

"वर सोळा हायत. त्यातलं एक द्या."

"ती दुसरी हायत," ते म्हणाले. शेजाऱ्याचं पोर आपल्या घरी आणून ठेवा म्हटल्यावर जसं म्हणावं तसं म्हणाले.

मी माफी मागितली नाही. मला ती नीट मागता येत नाही आणि त्यांना ती घेता आली नसती. मी म्हटलं, "भांड्यावर नाव घालणारा हाय की बाजारात. त्येच्याकडनं काढून आणू. दोन मिंटात काढंल."

"तो मशीन लावतोय. प्लॅस्टिक इतळंल."

"मग तुमी काढा. उद्यापातूर येळ हाय."

त्यांनी वर बघितलं. मी आकाशात काहीतरी चुकीचं टांगलं असावं तसं बघितलं. "ऊन डोक्यावर हाय. तिरपं पडल्याबिगर रेघ दिसत न्हाय."

"बल्ब लावा."

"बल्बाची सावली खोटी असती."

तर अशी आम्ही दुपार काढली. मी पूजा मांडली. खुरपं, विळा, शिवणयंत्र, त्यांची पेटी आणि एका अंगानं बोडकं झालेलं ते विमान. मी हळदीकुंकवाचं बोट विमानाकडं नेलं तर चौगल्यांनी हात आडवा केला. "त्येच्यावर नगं. उजव्या अंगाच्या रेघंत जाईल." उजवं अंग मी घासलं नव्हतं, तेवढं वाचलं होतं. तेच बघून डावं काढायचं होतं. फक्त दार उजव्या अंगाला नव्हतं.

तीन वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. चौगल्यांनी विमान जुन्या टॉवेलवर आडवं ठेवलं, जाड चिकटपट्टी काठासारखी लावली आणि तिच्या कडेनं सुई ओढायला लागले. जोर अजिबात नाही. "एकदा जोरात न्हाय," ते पुटपुटत होते. "धा येळा हळू." मी कोपऱ्यात लसूण सोलत बसले. निघून गेले असते तरी चाललं असतं, पण गेले नाही.

चौथी रेघ निसटली. सुई पट्टीवरून घसरून पोटावर आडवी गेली. त्यांनी झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब घेतला, त्यावर तोंडाला लावायची पावडर टाकली, वाळल्यावर घासून चर बुजवला आणि परत पट्टी लावली. परत निसटली. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्यांनी सुई ठेवली आणि हात मांडीखाली घेतला.

"आज हात माझा न्हाय, आक्का."

मी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "सरका."

"तुमी काय करतायसा?"

"रेघा तुमी काढा, हात जाग्यावर आला की. ठिपकं म्या मारते. वाकळ शिवतीया न्हवं मी पन्नास वरसं."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. एका वाकळंला हजारो टाके. सगळे एकसारखे पडले पाहिजेत, नाहीतर पाठीला टोचतात. चौथीनंतर मला शाळेतून काढलं ते वाकळंवर बसवलं. अक्षर माझं वाईट आहे, पण टाका सरळ आहे.

त्यांनी विचार केला. बराच वेळ केला. मग ते उठले, माझी दारावर वाळत घातलेली वाकळ आणली आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवलं. एक ओळ, दुसरी ओळ. माझी परीक्षा घ्यायची म्हणजे जरा अतीच होतं, पण मीच सकाळी त्यांचं विमान घासलं होतं.

"हितं टाका चुकलाय," ते म्हणाले.

"सून पडली त्या दिवशी जिन्यावरनं. हाक मारली म्हणून उठले."

"बाकी बरं हाय," म्हणाले आणि सुई माझ्या हातात दिली.

सहा वाजेपर्यंत मी ठिपके मारले. सुई टेकवायची, चिमटीत एक गिरकी द्यायची, उचलायची. मध्ये ते दोनदा म्हणाले, "दाबा, पर दाबू नका." मी म्हटलं, "एक काय ते ठरवा." तीन ओळी झाल्यावर ते बोलायचे थांबले आणि त्यांचा हातही जाग्यावर आला. मग ते पोटाच्या रेघा काढायला लागले. ऊन गेलं तशी त्यांनी सुई पुसून पेटीत ठेवली. दार राहिलं होतं. मी म्हटलं, येवढा चौकोन तर काढून टाका. ते म्हणाले, उद्या पूर्वेच्या खिडकीत.

दसऱ्याच्या दिवशी सात वाजता मी चहा घेऊन वर गेले, तर त्यांनी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यात नखाएवढी खिडकी पाडली होती, कोपरे गोल करून. एरवी ते दार नुसत्या हातानं काढतात, असं म्हणाले. आज पत्र्याच्या आधारानं काढणार होते. पत्रा मी अंगठ्यानं धरायचा होता.

"दार कुठं येतंय त्याचं माप कुठं लिवलंय?" मी विचारलं.

"लिवल्यालं न्हाय."

"मग?"

त्यांनी डोळे मिटले. बोट पंखाच्या मुळाशी ठेवलं आणि मागं नेलं. अगदी हळू, माझ्या ठिपक्यांवरून. ओठ हलत होते, ते मोजत होते. एके ठिकाणी थांबले. "हितं."

मी पेन्सिलीनं टिंब काढलं. मग मला शंका आली. मी टिंब पुसलं आणि म्हटलं, "पुसलं गेलं, परत दावा." त्यांनी परत डोळे मिटून मोजलं. बोट तिथंच थांबलं. मी परत पुसलं. तिसऱ्यांदाही तिथंच.

"आता झाली न्हवं परीक्षा?" डोळे न उघडता ते म्हणाले.

मी पत्रा धरला. त्यांनी चार बाजू काढल्या, प्रत्येक बाजू दहा वेळा. माझा अंगठा बधिर झाला. शेवटी पत्रा उचलला, शाईचं बोट लावलं, फडक्यानं पुसलं. दार दिसलं. काळं, बारीक, चारी कोपरे गोल.

"आता ह्येला घाण म्हणायचं न्हाय," ते म्हणाले.

"माझं मी बगते काय म्हणायचं ते."

दुपारी आम्ही निघालो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. पण घासलं मी होतं, तर ते चालतंय का नाही ते बघायला जायला पाहिजे, एवढंच. विमान वाकळंत गुंडाळून चौगल्यांनी मांडीवर घेतलं. शेपूट बाहेर राहिलं. बसमध्ये कंडक्टरनं ते बघितलं.

"पावणं, इमान असताना बसनं कशाला निघालायसा?"

सगळी बस हसली. चौगले गंभीरपणे म्हणाले, "हे उडत न्हाय."

"मग आमच्या बसगतच हाय म्हना की," कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला.

कबनूरला उतरलं की आधी कान भरतात. घराघरांतून यंत्रमागांची खटखट. मुल्लांच्या घराच्या पुढच्या अंगाला माग, मागच्या अंगाला दोन खोल्या. सून रेश्मा दारातच उभी होती. चौगल्यांच्या हातातलं गाठोडं बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि आत वळली. "अब्बा, काका आलं."

खाटेवर एक वाळलेला म्हातारा बसला होता. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे आणि सुरकुतलेली, भाजून गेलेली कातडी. तोंड दाराकडं.

"आलास व्हय रे रिबीट?"

"आलो. जिता हायस व्हय अजून?"

"मेलो तर तुला सुट्टी मिळंल की. म्हणून मरत न्हाय."

चौगल्यांनी त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे. सोन्यागत ऱ्हा." म्हाताऱ्यानं पानावरून बोट फिरवलं, खिशात ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "दार हाय न्हवं?"

"बग की."

विमान मांडीवर आलं. बोट नाकापासून निघालं. ते बोट बघून मला समजलं, वर्षात रेघा का झिजतात. बोटाचं टोक गुळगुळीत झालं होतं, चिंचोक्यासारखं. चौगले खाटेशेजारी उभे होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बोट माझ्या ठिपक्यांवर आलं आणि अडखळलं.

"ही टीप कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. घरमालकीण हाय मी ह्यांची. काल रेघा मीच घासून घालवल्या हुत्या."

"टाका जरा मोठा हाय," म्हातारा म्हणाला. बोट पुढं सरकलं, परत मागं आलं. "पर सरळ हाय."

मग बोट पंखाच्या मागं गेलं. ओठ हलायला लागले. सकाळी चौगल्यांचे हलत होते तसेच, तितकेच. मीही मनातल्या मनात मोजत होते, असं नंतर माझ्या लक्षात आलं. एके ठिकाणी बोट थांबलं. एक बाजू वर गेलं, गोल कोपरा घेतला, आडवं गेलं, खाली आलं.

"हाय," तो म्हणाला.

खांदे खाली आले. त्यानं विमान पोटाशी घेतलं, भाकरी आण म्हणून सुनेला सांगितलं आणि अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मग त्याच खाटेवर आडवा झाला. चौगले त्याच्या पायांशी बसून राहिले.

मी आत रेश्माला मदत करायला गेले. कपबशा विसळल्या. घासल्या नाहीत.

"ह्या दाराचं काय खूळ हाय गं?" मी विचारलं.

"मावशी, तुमाला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "इतकी वरसं काका तुमच्यात ऱ्हात्यात."

"मला रिबिटा म्हाईत हायत."

तिनं ताट पुसत पुसत सांगितलं. तिच्या लग्नाच्या आधीची, खूप जुनी गोष्ट होती आणि तिनंही ती ऐकलेलीच. विमान डोंगरात कुठंतरी पडलं. आग लागली. आत सगळा धूर. अब्बांचे डोळे तेव्हाच गेले. दार कुठं आहे ते कुणालाच दिसेना. "मग काकांनी डोळं मिटलं," ती म्हणाली, "आनि भिंतीला बोट लावलं. रिबिटा मोजत मोजत मागं सरकलं, अब्बांची कॉलर धरून. दाराची फट बोटाला घावली. आता अब्बांना अदनंमदनं वाटतंय आपण आतच हाय. दार हाताला लागलं की मग त्यांना पटतंय."

"कुठलं काका?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"हेच की. चौगले काका."

बाहेरून हाक आली. बस जाईल, आक्का, चला.

विमानात सहा जण होते, असं रेश्मा म्हणाली. बाहेर आले दोन. एक आतल्या खाटेवर झोपला होता, हात दारावर ठेवून. दुसरा उंबऱ्याबाहेर चपला घालून उभा होता, माझी वाकळ घडी करून काखेत धरलेली, आणि मी अजून का येत नाही म्हणून मला हाका मारत होता.